मुकादमाच्या अर्जातला शेवटचा रकाना

सोमवार, ४ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे कुरिअरने पाठवतोय; उद्या मिळेल. मागची तीन पत्रं न उघडता ठेवली असशील तर ती राहू देत. हे मात्र वाच.

मी बरा आहे. थोडे दिवस बाहेर जायचंय, तेव्हा मुकादमासाठी कुत्र्यांचं बोर्डिंग शोधतोय. स्वारी अजून उंबऱ्यात आडवी पडून येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घेते. अडचण तुला ठाऊकच आहे. आपली ती नावाड्याची कविता म्हटल्याशिवाय हा ताटलीला तोंड लावत नाही. तू दूध पीत नव्हतीस तेव्हा मी ती म्हणायचो; पुढे या पिल्लाला तुझ्या आईने तीच सवय लावली. माझ्या चौथीच्या वर्गात गुरुजी डोळे मिटून चालीवर म्हणायचे, खिडकीतून तिरपं ऊन बाकांवर सरकायचं, आणि आम्हा सगळ्यांना नदीच्या मधोमध असल्यासारखं वाटायचं... असो. भरकटलो.

शनिवारी पाहिलेल्या बोर्डिंगात काचेच्या खोल्या, खोलीखोलीत कॅमेरे. मालकाला कवितेचं सांगितलं, तर म्हणतो कसा, "आजोबा, इथे चाळीस कुत्री आहेत. कविसंमेलन भरवू का? दोन दिवस उपाशी राहिला की मुकाट्याने खाईल." मी तिथूनच पट्टा ओढून परत फिरलो.

आज एका निवृत्त नर्सबाईंकडे गेलो. घरामागे सहाच खोल्या, फरशी कोरडी, प्रत्येक दारावर खडूने कुत्र्याचं नाव आणि त्याची खोड लिहिलेली. बाईंनी कविता कागदावर उतरवून घेतली, चालही म्हणून घेतली. त्यांचा आवाज फाटका, पण चौथ्या ओळीला मुकादमाने ताटली चाटूनपुसून साफ केली. माझा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी अर्ज पुढे केला. शेवटचा रकाना असा: मालक ठरल्या दिवशी न आल्यास कुत्रा कुणाच्या स्वाधीन करावा?

"शेजाऱ्यांचं नाव घालतो," मी म्हणालो.

"त्यांना विचारलंत?"

"ते याला बघून रस्ता बदलतात."

बाई हसल्या नाहीत. माझ्या कोपरातल्या सुईच्या निळ्या डागाकडे बघत म्हणाल्या, "काका, कसलं ऑपरेशन?"

हृदयाचं, ठकू. शुक्रवारी आहे. या वयात काही खात्रीने सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"घरी माहीत आहे?"

"मुलीला उगाच काळजी नको, म्हणून..."

दवाखान्याच्या जिन्यात मी तुला हेच ऐकवलं होतं, आईला जाऊन तीन तास झाल्यावर. तुझी परीक्षा होती, आईनेच कळवू नका म्हटलं, असं मी सांगत आलो. ते खोटं आहे. ती रोज विचारायची, "ठकू कधी येतेय?" आणि मी म्हणायचो, "कळवलंय, निघेलच." तुला बोलावलं असतं, तर ती चालली आहे हे मला मान्य करावं लागलं असतं. तेवढी हिंमत झाली नाही. दाराकडे डोळे लावून गेली ती.

बाई म्हणाल्या, "रिकाम्या रकान्यावर मी कुत्रा ठेवून घेत नाही. गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत सांगा." मी तुझं नाव लिहिलं. मग वाटलं, पुन्हा तुझ्या वतीने मीच ठरवतोय. खोडलं.

त्यांचा नंबर मागे लिहिलाय. मुकादमाला घेणार असशील तर त्यांनाच सांग. माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही. नाही म्हणालीस तर ऑपरेशन पुढे ढकलता येतं का ते विचारीन. त्याचा बोल तुला लागणार नाही.

मला शुक्रवारी सकाळी आठला आत नेणार आहेत. त्याच दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर. ये म्हणायचा हक्क मला उरलेला नाही. पण या खेपेला आधी कळवतोय.

तुम्हा दोघींशी खोटं बोललेला,
तुझा बाबा