कुणी आलं नाही

प्रिय तृप्ती,

त्या सकाळी मी कामावर न्यायचा डबा भरत होते आणि तू धाकट्या केयूरला भरवत होतीस. "आई, घरात नुसता युनिफॉर्म घालून बसू का?" तू विचारलंस. तुझे बाबा वारून महिना झाला होता, आणि केयूरला सांभाळायला मी तुला शाळेतून घरी ठेवलं होतं.

काल तू आता राहतेस त्या शेफिल्डमधल्या शाळांचा इतिहास वाचला. पूर्वी तिथे मूल शाळेत दिसलं नाही, तर शाळाखात्याचा माणूस दार वाजवायचा. आपल्या आखातातल्या, अल् खुवैरच्या दारी कुणी आलं नाही, असं तुला सांगत आले. हे पत्र पाठवणार नाही, म्हणून खरं लिहिते. तुझ्या टीचर आल्या होत्या. "धाकट्याला माझी आई सांभाळेल, हिला पाठवा," म्हणाल्या. मला कुणाचे उपकार नको होते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन तुझं नाव पटावरून काढून टाकलं.

तुझी आई,
सरिता