बाबांच्या घरची अँटेना

प्रिय हटिबू,

तुझा निरोप मिळाला. फोनवरच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं. तेवढ्याशा पडद्यावर मावणारं हे बोलणं नाही, म्हणून वहीची पानं फाडून बसलोय. दार-एस-सलामला जाणाऱ्या बसचा कंडक्टर ओळखीचा आहे, त्याच्या घरचा टीव्ही मीच लावून दिला. तो हे तुझ्या हातात आणून देईल. शेवटपर्यंत वाच. नको ते दिसलं की कागद चुरगाळायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

आधी बाबांची खबर. पाय सुजून खांबासारखे झालेत. दवाखान्यातली बाई म्हणते, हृदय थकलंय, मोठा पाऊस बघितला तर नशीब समजा. कान चहाच्या कारखान्यातल्या यंत्रांनी कधीच खाल्ले, हे तुला माहीतच आहे. आता तर अगदी तोंडाजवळ तोंड नेलं तरी कळत नाही, सगळं पाटीवर लिहून दाखवावं लागतं. ते स्वतः मात्र इतक्या मोठ्यांदा बोलतात की आपल्या घरातली गोष्ट समोरच्या डोंगरावर कळते. राहिलेत ते डोळे. आणि त्या डोळ्यांना एकच हवंय, तुला टीव्हीवर फुटबॉल खेळताना बघायचं. तू शहरातल्या संघात गेलास त्या दिवसापासून हेच चाललंय. माझी दुसरी काही किंमत नाही त्या घरात, मी फक्त तुझं चित्र आणून देणारा फुंडी, मिस्त्री.

तुला जुना टीव्ही आठवतो ना? चित्र कसलं, मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं. मी खांब फिरवायचो, तू खिडकीतून ओरडायचास, ‘आलं, आलं, गेलं!’ तुझा पहिला सामना बाबांनी त्याच मुंग्यांमधून बघितला. चेहरा दिसत नव्हता, नंबरही दिसत नव्हता, पण एक जण डावीकडून पळत आला आणि बाबा खाटेवरून उठून ओरडले, ‘हा बघ माझा! आईसारखा वाकून पळतो!’ तो तूच होतास की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मग तुझा गुडघा गेला, संघाने तुला काढलं, आणि तू मला फोन करून म्हणालास, ‘दादा, एवढ्यात बाबांना सांगू नकोस, मी परत संघात येईन.’ मी नाही सांगितलं. दर शनिवारी मुंग्यांमधून कोणीतरी पळायचं, बाबा माझ्याकडे बघायचे, मी ‘हो’ म्हणून मान हलवायचो. त्या खराब चित्राचे आपल्या घरावर किती उपकार होते, ते मला नंतर कळलं.

नंतर म्हणजे जुनं प्रक्षेपण बंद झालं आणि सगळ्यांना नवा डिजिटल डबा घ्यावा लागला तेव्हा. या नव्या प्रकारात अधलंमधलं काही नसतं. सिग्नल पुरेसा असला तर चित्र असं स्वच्छ की खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसतो, आणि थोडा कमी पडला की काळा पडदा. आपल्या दरीत तर सुरुवातीला सगळ्यांकडे काळाच पडदा. टॉवर डोंगरापलीकडे, मध्ये एवढा मोठा दगड. लोकांनी बांबूला बांबू बांधले, छपरं फोडली, शेवटी शहरातून आलेला माणूस सांगून गेला की इथे काही होणार नाही. मी तीन आठवडे अँटेना खांद्यावर घेऊन हिंडलो. एक दिवस वैतागून ती उलटी धरली, टॉवरकडे पाठ आणि समोरच्या नागड्या कड्याकडे तोंड, आणि डब्याच्या, सिग्नल दाखवणाऱ्या दोन्ही पट्ट्या पडद्यावर हिरव्या झाल्या. कड्यावर आपटून परत येणारा सिग्नल पकडायचा, बस. जुन्या टीव्हीत असं केलं असतं तर प्रत्येक खेळाडूचे दोन दोन दिसले असते. नव्याला त्याचं काही वाटत नाही. आज दरीतल्या झाडून सगळ्या अँटेना कड्याकडे तोंड करून उभ्या आहेत. त्यातली प्रत्येक मी फिरवलीय.

एक सोडून. आता लपवण्यात अर्थ नाही, हटिबू. बाबांच्या घरची अँटेना मी मुद्दाम टॉवरकडे तोंड करून बांधली. ताठ, सरळ, पुस्तकात दाखवतात तशी. डबा लावला, टीव्ही लावला, बाबांना पडद्यावरची सिग्नलची पट्टी दाखवली, शून्य. पाटीवर लिहिलं, ‘डोंगर आडवा येतो.’ बाबांना पटलं. डोंगराशी कोण भांडणार? अडीच वर्षं मी त्यांना रिकामा पडदा दाखवला. दर काही आठवड्यांनी खांबाला एक बांबू वाढवायचो, तार बदलायचो, घाम पुसत खाली यायचो. म्हातारा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, ‘राहू दे सेफू, पडशील.’ त्या वेळी माझं काय व्हायचं ते मीच जाणतो. पण चित्र लावलं असतं तर त्यात तू नव्हतास. मग मी काय करायचं होतं?

गावाने मला सोडलं नाही. शेजारची झुबेदाची आई येता-जाता टोमणे मारायची, ‘काय रे फुंडी, सगळ्या दरीला चित्र वाटलंस, आणि बापाला ताटभर अंधार?’ जुन्या लोकांना तुझं सगळं कळलेलं होतं, त्यामुळे तेही एवढं बोलून गप्प व्हायचे. बहिऱ्याच्या कानात ओरडून वाईट बातमी सांगायला कोण जाणार! दुसऱ्याच्या अंगणात जाऊन सामना बघणं बाबांना कमीपणाचं वाटायचं. ‘माझा मुलगा मी माझ्या घरात बघेन,’ म्हणायचे. मला वाटलं, असंच निभेल.

निभलं नाही ते एका भल्या माणसामुळे. शाळेत सलेहे मास्तर बदली होऊन आलेत. माणूस देवासारखा, पण आपल्या घरची कथा त्यांना कोणी सांगितलेली नाही. मागच्या नाशपातीच्या हंगामात मी चार दिवस पलीकडच्या गावी कामाला गेलो होतो. मास्तर बाबांना भेटायला आले. सगळ्या गावाच्या अँटेना एकीकडे आणि एकच दुसरीकडे, हे त्यांनी बघितलं. त्यांना वाटलं, वाऱ्याने फिरली असेल. चढले छपरावर आणि दिली फिरवून. मी परत आलो तर बाबांचा आवाज खालच्या वळणापासून ऐकू येत होता. घरात मका-घेवड्याच्या मकांदेचं पातेलं तसंच, कोणी जेवलेलं नाही, आणि अर्धी आळी बाबांच्या खाटेभोवती. पडद्यावर बातम्या सांगणारी बाई. बाबा तिच्याकडे बघून रडत होते. मास्तर मला म्हणाले, ‘फुंडी, एवढीशी गोष्ट तुमच्या लक्षात कशी आली नाही?’ सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, होतं असं कधीकधी.

शुक्रवारी मी गुपचूप चढून ती परत टॉवरकडे वळवली. बाबांनी पोर धाडून मास्तरांना बोलावलं. मास्तर हसत हसत आले आणि परत कड्याकडे वळवून, वर तार आवळून गेले. पुन्हा फिरवायचं धाडस मला झालं नाही.

शनिवारी सामना लागला. तुझ्या संघाचाच. बाबांनी सदरा बदलला होता, टोपी घातली होती. एकेक चेहरा पडद्यावर येत होता आणि ते पुढे वाकून बघत होते, बाहेर बसलेल्या राखीव खेळाडूंपर्यंत सगळे. मी कोपऱ्यात उभा राहून वाट बघत होतो की आता विचारतील, हटिबू कुठे आहे? मी ठरवलं होतं, विचारलं की खरं लिहायचं. खडू हातात होता. मग सात नंबरची पाठ दिसली. तुझा नंबर आता संघाने दुसऱ्या एका मुलाला दिलाय. तो वळला, त्याचा चेहरा पडदाभर झाला, आणि बाबांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसून परत बघितलं. मग माझ्याकडे वळले आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले, ‘सेफू, माझे डोळे पण गेले वाटतं रे. माझाच पोरगा मला ओळखू येईना. हाच ना तो?’

मी पाटीवर ‘हो’ लिहिलं. मला शिव्या दे, पण तो चेहरा तुझ्यासमोर असता तर तूही तेच लिहिलं असतंस.

त्याला आता आठ महिने झाले. बाबांनी तो चेहरा पाठ केलाय. पहिले काही शनिवार कुरकुर करायचे, नाक आईसारखं नाही राहिलं, शहराच्या पाण्याने रंग उजळला, वगैरे. आता कुरकुर नाही. त्या मुलाच्या उजव्या भुवईवर एक जुना वण आहे. तो जवळून दाखवला की बाबा पडद्यावर बोट ठेवतात आणि मला रागावतात, ‘हे कधी लागलं? मला का नाही सांगितलंत?’ रोजच्या नमाजात त्या वणासाठी दुवा मागतात. पेपरातला त्याचा फोटो मास्तरांनी आणून दिला, तो उशाशी लावलाय. तुझा शाळेतला फोटो तिथे होता. परवा तो बाजूला काढून मला म्हणाले, हा कोण रे, तुझा मित्र का? मी तो माझ्या पेटीत ठेवलाय.

आणि आता तुझा निरोप. ईदला येतो, बाबांच्या पायावर डोकं ठेवून सगळं सांगतो. तीन वर्षांहून जास्त मी याच निरोपाची वाट बघत होतो. आनंदाच्या भरात विचार न करता पाटीवर लिहून टाकलं, ‘हटिबू येतोय.’ तेव्हापासून म्हातारा रोज खाट दाराशी ओढायला लावतो आणि वरच्या पट्टीत सगळ्या डोंगराला सांगतो, आला की आधी त्या भुवईवर हात फिरवीन. तुझ्या भुवईवर काही नाही, हटिबू. तू दारात उभा राहशील आणि ते तुझ्या मागे बघतील, अजून कोण येतंय म्हणून. मग मला पाटीवर लिहावं लागेल की हाच तो, आणि टीव्हीतला तो कोण होता, आणि मी अडीच वर्षं खांबावर चढून काय करत होतो. तेवढं सोसायला त्यांच्याकडे हृदय उरलेलं नाही. म्हणून ईदला येऊ नकोस. पाच पानं लिहिली ती हे एक वाक्य लिहायला. सुट्टी मिळाली नाही, असं मी त्यांना सांगेन, आणि शनिवारी त्यांना तो मुलगा दिसेलच. ते गेले की मी कळवेन, तेव्हा पहिल्या बसने ये. निदान माती तरी तुझ्या हातची पडू दे.

तुझाच,
सेफू दादा