दोन बेटांवरचा तेजोमेघ

प्रिय एलियास,

तुझ्या दादाची छोटी दुर्बीण आता मी चालवते. हसू आलं तर हस. दमासो गेल्यावर ती विकून टाक असं सगळ्यांनी सांगितलं. मी मान डोलावली आणि ती गच्चीवरच राहू दिली. इथे ढग आले की तू बोहोल बेटावरून, तिथे आले की तो इथून, अशी छायाचित्रं घेत तुम्ही भावांनी कॅरिना तेजोमेघाचं चित्र निम्म्यावर आणलं होतं. दफनाच्या दिवशी तू म्हणालास, "वहिनी, मी आता दुर्बिणीला हात लावणार नाही." मला वेळेवर उत्तर कधीच सुचत नाही, म्हणून हे पत्र.

माझी पहिली संध्याकाळ ऐक. दक्षिणेला समुद्रावर आकाश स्वच्छ होतं, दुर्बीण ताऱ्यांच्या चालीने सरकत होती, कॅमेरा एकामागून एक छायाचित्रं घेत होता. मी खुशीत खाली जाऊन मासे तळले. वर येऊन पाहते तर सगळी छायाचित्रं काळी. दुर्बिणीचं झाकणच काढलं नव्हतं. तुमच्या खगोल मंडळातल्या लुर्देसबाईंना रडवेल्या आवाजात फोन केला. त्या आधी पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "अगं, पुसू नकोस ती. झाकण लावून काळी छायाचित्रं आम्ही मुद्दाम काढतो. कॅमेऱ्याचे स्वतःचे ठिपके त्यात सापडतात, ते खऱ्या चित्रातून वजा करायचे. दमासो नेमका याचाच आळस करायचा." संसारात त्याची राहिलेली कामं मी नेहमी कुरकुरत केली. हे एक चुकून झालं, आणि त्याचाच मला जास्त आनंद झाला.

मग शेजारच्या पासिंगमावशींच्या कराओकेचे रंगीत दिवे नडायला लागले. मी चिकन आदोबोचं पातेलं घेऊन गेले आणि संध्याकाळी दिवे आणि शब्दांचा पडदा बंद ठेवाल का, असं विचारलं. "आणि गाणं?" मी म्हटलं, गाणं फोटोत येत नाही. "मग जरा मोठ्याने गाते," म्हणाल्या. तेव्हापासून त्या अंधारात गातात. शब्द दिसत नाहीत, त्यामुळे मनचे घालतात. मी वर बसून एकटीच हसते.

पुढच्या महिन्यात दमासोला जाऊन वर्ष पूर्ण होईल. प्रार्थना होईल, जेवण होईल, मी शोकाचे काळे कपडे उतरवीन. लुर्देसबाईंनी दमासोची आणि माझी छायाचित्रं एकावर एक रचून पाहिली. लाल वायूचे पदर छान उठून आलेत. त्या म्हणाल्या, एवढ्यावर चित्र पुरं होतं, चौकट करून घे. मी नको म्हटलं. पुरं झालं तर तुला गच्चीवर जायला काय कारण उरेल? पाऊस लागायच्या आत तिकडे थोड्या संध्याकाळी मिळतील. तुझ्या वाट्याची छायाचित्रं काढ आणि स्वतः घेऊन ये. पुसट आली तरी चालतील. तोवर भिंत रिकामी राहील, आणि मी किती हट्टी आहे ते तुझ्या दादाने तुला सांगितलंच असेल.

तुझी,
फेलीवहिनी