सोळा तिरक्या पट्ट्या

प्रिय आबा,

आज दुपारी तुमचा पूल पडला, म्हणून लिहितेय. तुम्ही होतात तोवर पत्र लिहायची वेळच आली नाही. मी भिवंडी सोडली नाही, आणि तुम्हाला तर इथल्या जवळच्या अंजूरला जायचं म्हटलं तरी चार दिवस आधी सांगावं लागायचं.

पडला म्हणजे फार नाटक झालं नाही. शिसं भरलेलं इंजिन मी हळूच पुलाच्या मध्यावर आणलं. उभ्या तारा वाकल्या, तिरक्या पट्ट्या एकेक करून निसटल्या आणि इंजिन खालच्या प्लास्टरच्या ओढ्यात जाऊन बसलं. आई आतून म्हणाली, "काय पडलं गं?" मी म्हटलं, "काय न्हाय." हे उत्तर तुमचंच.

पणजोबा जंगलातल्या ज्या लाकूडवाहू रेल्वेवर रूळ टाकायला होते, तिची ही छोटी प्रतिकृती. लूमचे लाकडी धोटे दुरुस्त करायच्या सुतारकामातून उरलेल्या वेळात तुम्ही पाच वर्षं ती करत होतात. येत्या पौर्णिमेला ती बुद्धविहाराच्या वाचनालयात ठेवायची आहे. तुम्ही जाऊन आठ महिने झाले, तरी वाचनालयाची मंडळी जागा रिकामी ठेवून बसलीयत. वस्तीतली पोरं गाडी चालवून बघणार. पूलच नसेल तर काय बघणार?

पहिला पूल तुम्ही घरातल्या त्या एकुलत्या एक फोटोवरून केला होता. लाकडी पूल आणि त्यावर ओळीने उभी माणसं. त्यातले पणजोबा कोणते, हे आजवर कोणाला सांगता आलेलं नाही. पण पूल स्पष्ट दिसतो. तो पूल उभा राहिला त्या दिवशी मी ड्युटीवरून आले आणि चप्पल काढायच्या आधीच म्हटलं, "आबा, पट्ट्या उलट्या लावल्यात." तुमच्या पट्ट्यांची वरची टोकं पुलाच्या मध्याकडे झुकलेली होती. आमच्या ऑफिसातल्या लोखंडी पुलांच्या नकाशांत ती बाहेरच्या बाजूला झुकतात.

"फोटोत तशाच हायत," तुम्ही म्हणालात.

"मग फोटो उलटा छापला असेल," मी म्हटलं आणि हात धुवायला गेले.

एवढंच झालं आपल्यात. त्याला भांडणही म्हणता येणार नाही. दुसऱ्या आठवड्यात बघते तर तुम्ही पूल खोलून माझ्या म्हणण्याप्रमाणे बांधायला घेतलेला. तो पुरा झाला, पण त्यावरून इंजिन न्यायचं राहून गेलं.

आज मी तो फोटो आरशासमोर धरला. डावीकडची माणसं उजवीकडे गेली. पट्ट्या मात्र होत्या तशाच मध्याकडे झुकलेल्या. पुलाच्या दोन्ही बाजू सारख्याच, फोटो कसाही छापला तरी त्या मध्याकडेच झुकणार. हे कळायला सिव्हिलचा डिप्लोमा लागत नाही. माझ्या बाबतीत तर तो आडवा आला.

तुमच्या पट्ट्या नुसत्या खाचेत बसवलेल्या, ना खिळा ना गोंद. मध्याकडे झुकल्या की वजनाने त्या दाबल्या जातात आणि आणखी घट्ट बसतात. बाहेर झुकवल्या की ओढल्या जातात आणि खाचेतून सुटतात. ओढ सोसायला तुम्ही उभ्या जागी सायकलच्या चाकाच्या तारा लावल्या होत्यात. म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मग बोलला का नाहीत, आबा? डाळीत मीठ कमी पडलं तर शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलायचात.

आवाज ऐकून शेजारच्या कारखान्यातले सलीमचाचा डोकावले. ओढ्यातलं इंजिन बघून म्हणाले, "पहले वाला तो खड़ा था ना. मैं बोला उसको, काहे खोलता है? बोला, मेरी लड़की बोली उल्टा है, तो उल्टाच होगा. पढ़ी-लिखी है वो."

घरातलं पोर शिकलं की त्याच्या शब्दापुढे बोलायचं नाही, ही आपल्या वस्तीची रीत. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाने ती जरा जास्तच पाळली. मला लाज वाटली. आणि तुम्ही गेलात त्या दिवशी आली नव्हती इतकी तुमची आठवण आली.

चाचा गेल्यावर मी सायकलच्या जुन्या तारा शोधायला तुमचा खण उघडला. तळाशी धोतराच्या फडक्यात पहिल्या पुलाच्या सोळाही पट्ट्या निघाल्या, पेन्सिलीने आकडे टाकलेल्या. मग पूल नीट पाहिला. जुन्या खाचा तुम्ही बुजवल्याच नव्हत्या. माझं म्हणणं खरंच पटलं होतं, का आज ना उद्या मला माझी चूक कळेल आणि तेव्हा पट्ट्या हाताशी असाव्यात म्हणून ठेवल्यात? चाचांना विचारून उपयोग नाही. त्यांना तुम्ही जे सांगितलं ते त्यांनी सांगितलं.

संध्याकाळपर्यंत मी सोळाही बसवल्या. कुठेच कानस मारावी लागली नाही. इंजिन मध्यावर उभं केलं, चहा पिऊन आले, तरी उभंच. आईने येऊन पाहिलं आणि म्हणाली, "हा पहिला हाय ना?" म्हणजे तिलाही माहीत होतं.

तारा आवळायला पूल उलटा केला तेव्हा खालच्या तुळईवर तुमचं अक्षर दिसलं. 'आराखडा : सुजाता (डिप्लोमा सिव्हिल).' पडलेल्या पुलाचं श्रेय मला देऊन ठेवलंत आणि उभ्या राहिलेल्यावर तुमचं नावच नाही. हे बरं केलं नाहीत.

पौर्णिमेला कोणी विचारलं की हा पूल कोणी केला, तर आठवी शिकलेल्या सुताराने केला असं सांगेन. एका शिकलेल्या मुलीने तो एकदा पाडला, हेही सांगेन, तुम्हाला आवडणार नसलं तरी. तुळईवर वरच्या ओळीत तुमचं नाव घालते. माझं खाली राहू दे, तुमच्या हातचं आहे. कंसातलं तेवढं खोडते.

तुमची,
सुजाता