पुठ्ठेवाल्या बाई

ता. ३ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कंबर कशी आहे? फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय.

आम्ही ज्या गाडी कंपनीला आरसे पुरवतो, ती आता नुसते आरसे तपासून थांबत नाही. आरसे ज्या पुठ्ठ्याच्या कप्प्यांत बसून जातात ते कोण करतं, कशापासून करतं, हेही त्यांना बघायचंय. गुरुवारी त्यांचे तपासनीस तुझ्याकडे येतील. पसंत पडलं नाही तर कप्पे दुसरीकडून घ्यावे लागतील. मग तू आणि तुझ्या हाताखालच्या दोघी बायका काय करणार, या विचाराने मला चैन नाही.

जरा नीटनेटकं ठेव. जुन्या खोक्यांची ती रास तेवढी दिसू देऊ नकोस.

लोभ असावा, रागही चालेल.
तुझी भिंगरी

ता. ९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

कंबर आहे तिथेच आहे. तपासनीस येऊन गेले. दुकानांतून गोळा केलेली खोकी आदल्या दिवशीच शेजारच्या सुताराच्या माळ्यावर ढकलली. कोरा करकरीत पुठ्ठा विकत आणला आणि तिघी त्यातूनच कापत बसलो, जणू जन्मात जुन्याला हात लावला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

माणूस सज्जन, पण चेहरा मख्ख. मालकीणबाईंशी, म्हणजे तुझ्याशी, काही नातं आहे का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, छे, नुसता धंदा. तुझ्या कारखान्यात मला सगळे पुठ्ठेवाल्या बाई म्हणतात, तेच राहू दे. उगाच तुझं हसं नको.

लोभ आहे, तो काही आजचा नाही.
तुझी आत्या

ता. १८ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आपण नापास झालो. कारण वाचून हसावं की रडावं कळेना. नवा पुठ्ठा कमीत कमी लागावा, वापरलेलाच पुन्हा वापरावा, असं कंपनीचं म्हणणं. म्हणजे मी जे लपवायला सांगितलं, तेच बघायला तो आला होता. त्यांनी पाठवलेलं पत्रक नीट न वाचता मी स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

मला त्या राशीची लाज वाटत होती आत्या, आणि तुझीही. नातं नाही म्हणालीस ते वाचल्यापासून घास उतरत नाही. काल तपासनीसांना फोन करून सगळं सांगितलं. म्हटलं, पुठ्ठेवाल्या बाई माझ्या सख्ख्या आत्या, त्यांनी मला शिकवलं ते याच खोक्यांच्या कमाईवर, आणि लपवायला मीच सांगितलं. ते म्हणाले, जुन्यातूनच काम होत असेल तर ते तुमच्या आत्यांकडेच राहील, पण डोळ्यांनी बघायला हवं. मंगळवारी येतो, या वेळी आवरू नका म्हणावं.

मीही येतेय. जमलं तर माफ कर.
तुझीच भिंगरी

ता. २१ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

माफ कसलं करायचं, खुळी कुठली. वाचून थोडी रडले, मग दोघींना कामाला लावलं. खोकी खाली उतरली आहेत, पाय ठेवायला जागा नाही. तपासनिसाला बसायचं असेल तर त्यावरच बसेल.

गल्लीत सगळे विचारताहेत, मंगळवारी कोण येणार. कंपनीच्या माणसाचं मी कुणाला बोलले नाही. माझी भाची येतेय, एवढंच सांगितलंय.

तुझी आत्या