पोहायची चड्डी आणि त्रेसष्ट पायऱ्या

दि. ६ फेब्रुवारी

ती. अक्कास, धाकट्याचे शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोललं की ठसका लागतो, तेव्हा पत्रच बरं. मी बरा आहे. म्हणजे अजून काही झालेलं नाही.

गुडघ्याचं सांगतो. व्यायामाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दोन महिने रोज अर्धा तास छातीभर पाण्यात चाललात तर गुडघा वाकेल, नाहीतर आहे तसाच राहील. मी विचारलं, तीन मजले चढता येतील का. त्यांनी विचारलं, कोणाकडे जायचंय. मी सांगितलं की बहिणीकडे, त्रेसष्ट पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, तिला चक्कर येते म्हणून तिचं उतरणं बंद आणि गुडघ्यामुळे माझं चढणं बंद, एकमेकांचं तोंड बघून पावणेदोन वर्षं झाली. त्यांनी कागदावर 'पाणी' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

पोहण्याच्या तलावावर गेलो. तिथे गळ्यात शिट्टी अडकवलेला एक गृहस्थ असतो, सगळे त्याला शिट्टीवालाच म्हणतात. मी घरातली सुती अर्धी विजार घालून गेलो होतो. पाण्यात एक पाय घातला आणि त्याने शिट्टी मारली. म्हणाला की सुती कपड्याचे धागे जाळीत अडकतात, पोहायची चड्डी आणा, तोवर काठावर बसा हवं तर. मी बसलो नाही. काठ ओला होता, घसरलो असतो तर तुला कळवणार कोण?

मग चारमजली दुकानात गेलो. एकतीस वर्षं कापडाच्या दुकानाच्या दारात रखवालदार म्हणून उभा राहून मी गिऱ्हाईकं पाहिली आहेत. ज्याला खरोखर काही हवं असतं तो विकणाऱ्याच्या डोळ्याला डोळा देत नाही. तो भलत्याच कपाटापाशी जातो, अंगठ्याने कापड चोळतो, नुसतं बघतोय म्हणतो आणि शेवटी रुमाल घेऊन बाहेर पडतो. अक्का, मी शर्टांपाशी चाळीस मिनिटं उभा होतो. विकणाऱ्या बाईंनी विचारलं, आजोबा काय दाखवू. मी म्हटलं, रुमाल.

तीन रुमाल सोबत पाठवले आहेत. मला तीन ठेवले.

तब्येतीला जप. या चिंतातुर भावावर माया ठेव.

तुझा,
धाकटा

दि. १३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

रुमाल मिळाले. चांगले आहेत. पण मला सर्दी नाही.

तुझं पत्र दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी वर आणून दिलं. माझी पत्रं टाकायलाही त्याच नेतात. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, भावाला सांगा की चड्डी कंबरेला सैल आणि मांडीला बेताची घ्यावी, पाण्यात कापड फुगतं. त्या हसल्या नाहीत. मी हसले.

अरे, सत्तरी उलटलेल्या माणसाच्या चड्डीकडे बघायला कोणाला वेळ आहे? तुला वाटतं सगळं दुकान तुझ्याकडेच बघतंय. चौथीत पाटी फुटली तेव्हाही तुला असंच वाटलं होतं आणि तू शाळाच सोडलीस. तेव्हा मी ऐकून घेतलं, आता घेणार नाही. माझ्या दारासमोर येऊन धापा टाकणारं माणसासारखं माणूस मी पावणेदोन वर्षांत पाहिलेलं नाही. शिवणकामवाल्या बाई धापा टाकत नाहीत, त्या चपळ आहेत.

परत जा आणि तोंडाने माग. रुमाल घेऊ नकोस.

तुझी,
अक्का

दि. २५ फेब्रुवारी

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

चड्डी घेतली. रुमालही घेतले, ते मधल्या एका खेपेचे आहेत, त्याबद्दल विचारू नकोस.

आता जे झालं ते सगळं लिहितो, म्हणजे तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. दोन मापांच्या चड्ड्या घेऊन मी ट्रायल रूममध्ये गेलो. आत एक आरसा आणि एक खुंटी, बसायला काही नाही. खोली एवढीशी की वळलो की माझी काठी आरशाला लागत होती. पहिली चड्डी जमिनीवर ठेवली, पाय आत घातले आणि काठीच्या वाकड्या टोकाने वर ओढली. रोज सकाळी पँट अशीच घालतो. चड्डी चांगली बसली. फार चांगली बसली. काढायला गेलो तर दुखऱ्या गुडघ्याच्या वर येऊन तिची वळकटी झाली आणि तिथेच अडकली. वाकावं तर गुडघा वाकत नाही, उभं राहून ओढावं तर तोल जातो. वीस मिनिटं गेली. बाहेरून कोणीतरी विचारलं की काका बरे आहात ना. मी सांगितलं की अगदी मजेत आहे.

शेवटी चड्डी परत वर ओढली, तिच्यावर माझी पँट चढवली आणि बाहेर आलो.

ट्रायल रूमच्या दारापाशी पट्टेवाली रखवालदार बाई उभी होती, चाळिशीची असेल. मी आत जाताना तिने माझ्या हातात दोन कपडे पाहिले होते. बाहेर येताना एकच होता. तिने मोजलं. अक्का, मला कळलं की तिने मोजलं, कारण मी एकतीस वर्षं तसंच मोजलेलं आहे. आता ती खांद्यावर हात ठेवणार, हे मला तिच्या आधी ठाऊक होतं.

मी म्हणालो की बाई, ती अंगातच आहे, निघत नाही, पैसे देतो. माझ्या तोंडून हे वाक्य निघालं आणि मला वाटलं की हे आपण आधी कुठेतरी ऐकलंय. कुठे ते आठवत नाही.

तिने माझ्या काठीकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, आणि कोणाला हाक मारायच्या आधी खुर्ची आणली. काउंटरवरची मुलगी यंत्र घेऊन आली. किमतीची चिठ्ठी कंबरेशी दोऱ्याला होती, ती मी शर्टाखालून वर काढली. यंत्र माझ्या पोटावर टेकवून तिने बिल केलं. दुसरं गिऱ्हाईक म्हणालं, आजोबांची किंमत किती निघाली. मुलगी म्हणाली, सवलतीत आहेत.

चोरी पकडायचा चाप मात्र मांडीवर होता आणि तो काढायचं यंत्र टेबलाला ठोकलेलं. तेव्हा मी चापासकट निघालो. दारातला भोंगा बोंबलला. सगळं दुकान खरोखरच माझ्याकडे बघत होतं, हे तुझ्या माहितीसाठी. रखवालदार बाई माझ्याबरोबर दाराबाहेर पायरीपर्यंत आली आणि मोठ्याने म्हणत राहिली की बिल झालंय, वाजू द्या.

घरी पलंगावर आडवा पडून काठीने ओढली, एका मिनिटात निघाली. तिथे खुर्ची मागायचं मला सुचलंच नाही.

काळजी करू नकोस. मी करतो आहे.

तुझा,
धाकटा

दि. ४ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा स्वतःसाठी आणि एकदा शिवणकामवाल्या बाईंना मोठ्याने. या वेळी त्या हसल्या.

ते वाक्य कुठे ऐकलंस ते तुला आठवत नसेल तर मी सांगते. तुझी सगळी पत्रं माझ्या ट्रंकेत आहेत. बावीस वर्षांपूर्वी तू लिहिलं होतंस की एका म्हाताऱ्या मास्तरांना नवा स्वेटर अंगात घालून निघताना दारात धरलं. ते म्हणत होते, खांदा आखडलाय, स्वेटर निघत नाही, पैसे देतो. मालक येईपर्यंत तू त्यांना दारात पाऊण तास उभं ठेवलंस आणि मालकाने तुला छत्री दिली. छत्री चांगली आहे, असंही तू लिहिलं होतंस.

मी तेव्हा उत्तरात छत्रीबद्दल अभिनंदन केलं होतं. ते माझं चुकलं.

त्यांना खुर्ची दिली होतीस का, हे विचारत नाही.

आता पाण्यात उतर.

तुझी,
अक्का

दि. २ एप्रिल

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. मास्तर आठवतात. तेव्हा ते माझ्या आत्ताच्या वयाचे होते. त्यांनी खिशातून पैसे काढून हातात धरले होते आणि पाऊण तास तसेच धरून उभे होते. हे मी तुला तेव्हा लिहिलं नव्हतं.

चाप काढायला चड्डी घेऊन दुकानात गेलो तर आत शिरतानाही भोंगा वाजला. रखवालदार बाईंना मास्तरांची गोष्ट सांगितली. वाटलं, त्या काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या की काका, माणसं ओळखण्यात माझीही चूक होते. बसलेला माणूस पळत नाही, म्हणून आधी खुर्ची. दया वगैरे काही नाही. पण हे सांगताना त्यांनी मला खुर्ची आणून दिली होती आणि मी कुठेही पळत नव्हतो.

छत्री अजून होती. ती त्यांना देऊ केली. त्यांनी घेतली नाही, म्हणाल्या नियमात बसत नाही. मी ती दारातल्या टोपलीत विसरून आलो. मुद्दाम विसरलो.

पाण्यात रोज जातो. पहिल्या दिवशी वाटलं की हृदय बंद पडतंय, पण ते थंड पाणी होतं. शिट्टीवाला काठावरून माझ्याबरोबर चालतो आणि मी थांबलो की शिट्टी मारतो. एक आजीबाई रोज मला मागे टाकून जातात. गुडघा आता खुर्चीवर बसल्यासारखा वाकतो. काल घरासमोरच्या दहा पायऱ्या चढलो, उतरलो, मग नाडी मोजली. मोजताना आकडा चुकला, म्हणून परत मोजली.

पुढच्या महिन्यात येईन म्हणतो. मधेच पाय राहिला तर काय, हा विचार डोक्यातून जात नाही. मधे अडकलेल्या माणसाला वरही जाता येत नाही आणि खालीही.

तुझा,
धाकटा

दि. ९ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर शिवणकामवाल्या बाईंनी त्यांची कामाची खुर्ची ठेवली आहे. तू येईपर्यंत त्या स्टुलावर बसून शिवणार आहेत, त्यामुळे त्यांची पाठ दुखते आहे, तेव्हा फार लांबवू नकोस.

पुढचा महिना म्हणजे कधी, ते तारखेने कळव. कळवायचं नसेल तर नुसता ये.

अक्का

दि. ३ मे, दुसऱ्या मजल्याच्या वळणावरून

ती. अक्कास सा. न.

मी खुर्चीवर बसलो आहे. बेचाळीस पायऱ्या झाल्या, एकवीस राहिल्या. तुला हाक मारली असती पण तुला ऐकू येत नाही, आणि एकदम दारात उभा राहिलो तर तुला चक्कर येईल, म्हणून हा कागद शिवणकामवाल्या बाईंबरोबर वर पाठवतो आहे. गुडघा ठीक आहे. छाती धडधडते आहे, ती पायऱ्यांमुळे असावी.

मी रिकाम्या हाताने आलो नाही, पण काय आणलंय ते सांगत नाही.

धाकटा

(त्याच कागदाच्या मागच्या बाजूला)

चि. धाकट्यास,

रुमाल आणले आहेस, हे मला कळलं आहे. दार उघडं आहे. दारातच खुर्ची ठेवली आहे, तिच्यावर मी बसले आहे, तेव्हा चक्कर आली तरी पडणार नाही. तुझी आत आहे.

ऊठ.

अक्का