प्रश्न सातवा, चार मार्क

३ तारीख, सोमवार
मी कॉलेजात असताना तोंडी परीक्षा संपल्यावर सर मला म्हणाले होते, तुला सगळं पाठ आहे, समजलेलं काही नाही. पाठांतराचं कौतुकच ते.
आज उत्क्रांतीच्या धड्यावरचे पेपर वाटले. पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीला सातव्यात शून्य. प्रश्न सोपा: पूर्वी ज्या औषधाने जंतू मरत, त्याने आता का मरत नाहीत? माझ्या नोट्समध्ये स्वच्छ आहे, त्यांना औषधाची सवय होते. हिने लिहिलं, सवय कुणालाच होत नाही. काही जंतू आधीपासूनच वेगळे असतात, बाकीचे मरतात, हे उरतात आणि यांचीच पिल्लावळ वाढते. लाल शाईने शेरा दिला, नोट्स वाचत जा. वर्गात वाचूनही दाखवलं. मुलं खूप हसली. तीही हसली, जराशी. शिस्त लागेल.

४, मंगळवार
ती पुस्तक घेऊन स्टाफरूमच्या दारात. बाई, पान ब्याण्णव बघता का? म्हटलं, ठेवून जा.
बघितलं. छपाईची चूक असावी. घरच्या जुन्या पुस्तकात बघते.

५, बुधवार
जुन्या पुस्तकातही तीच छपाईची चूक.
जेवताना नवऱ्याला तिचं उत्तर सांगितलं, माझं म्हणून. तो म्हणाला, म्हणजे चाळणीसारखं ना? चाळणी काही खडे मोठे करत नाही, मोठे असतात तेच वर राहतात. एवढं काय अवघड आहे त्यात? जन्मभर कॉमर्स केलेला माणूस.
सतरा वर्षं, दोन तुकड्या, चाळीस-चाळीस मुलं. गुणाकार अर्धाच केला.
उद्या वर्गात जाहीर सांगायचं. नक्की.

६, गुरुवार
घसा जरा धरलाय. चूक स्पष्ट आवाजात कबूल करायला हवी. उद्या.

७, शुक्रवार
आगीची कवायत. अख्खी शाळा मैदानात. वीस मिनिटं ती माझ्या पुढ्यातच उभी. तेव्हा सांगता आलं असतं. म्हटलं, रांग सरळ ठेवा.

१०, सोमवार
वेगळा, शांत मार्ग सापडला. ऑफिसात जाऊन तिचे चार मार्क वाढवून आले. मुख्याध्यापिकांना लेखी कारण हवं होतं. लिहिलं, बेरीज चुकली.
तिला हळूच सांगितलं. म्हणाली, बाई, बेरीज बरोबर होती.
म्हटलं, मला तास आहे, आणि निघाले.

१२, बुधवार
पुढच्या वर्षीच्या विषयांचे फॉर्म आले. तिच्या फॉर्मवर जीवशास्त्र खोडून भूगोल. विचारलं, का गं? म्हणाली, मला नाही जमत बहुतेक ते. चिडून नाही, अगदी साधेपणाने. तिला ते खरं वाटतंय.
सही केली नाही. पेन सापडत नाही म्हटलं. पेन हातात होतं.

१३, गुरुवार
सांगितलं. तिचं उत्तर फळ्यावर लिहिलं, खाली तिचं नाव. म्हटलं, हे बरोबर आहे, मी चुकले होते, आणि बेरजेचं खोटं होतं. कुणी हसलं नाही. मागून एकाने विचारलं, बाई, मग परीक्षेत कुठलं लिहायचं?
ती वहीत मान घालून बसलेली. माझ्याकडे बघितलं नाही. का बघावं?
फॉर्म उद्या जातात. तिच्या वहीत चिठ्ठी ठेवून आले. तिच्या जागी मी असते तर नाही म्हटलं असतं, तीही म्हणेल. लिहिलंय एवढंच: जीवशास्त्र सोडू नकोस. पुढचा धडा शिकवण्याआधी मधल्या सुट्टीत दहा मिनिटं माझ्याबरोबर वाचायला बसशील का? मला एकटीला जमणार नाही.